वाऱ्याने बांधलेले उतार: दावोसमधले स्कीचे दिवस

मंगळवार

स्वित्झर्लंडमधल्या दावोसमध्ये उतरलो तेव्हा बर्फ सरळ खाली पडत होता. वारा जवळजवळ नव्हताच. मोठाल्या, नक्षीदार पाकळ्या जॅकेटच्या बाहीवर येऊन बसत आणि जराशा फुंकरीने उडून जात. हे मुद्दाम नोंदवून ठेवतेय, कारण पुढचे सगळे दिवस ज्या थराभोवती आमचं बोलणं फिरत राहिलं तो थर त्या संध्याकाळी असा शांतपणे पडत होता.

सोबत धाकटा भाऊ, त्याचे दोन मित्र आणि आमच्या गाईड. लिफ्टने वर जायचं आणि दाबून सपाट केलेल्या पिस्टवरून खाली यायचं, एवढं स्कीइंग आम्हा सगळ्यांना येत होतं. या वेळी लिफ्टशिवाय जायचं होतं. स्कीच्या तळाला स्किन्स, म्हणजे मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या, चिकटवून स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा आणि कुणी न आखलेल्या उतारावरून उतरायचं. पिस्टच्या वरचे धोक्याचे उतार तिथली माणसं पहाटेच स्फोट करून मोकळे करतात. बॅककंट्रीत, म्हणजे पिस्टबाहेरच्या मोकळ्या डोंगरात, हे काम कुणी करत नाही. उतार टिकेल की सुटेल, हे ओळखायची जबाबदारी आपली.

संध्याकाळी 5 वाजता हिमस्खलनाचं बुलेटिन आलं. हे काढणारी एसएलएफ ही बर्फ आणि हिमस्खलनांचा अभ्यास करणारी संस्था दावोसचीच. गावाच्या वर वाइसफ्लुयोखच्या अंगावर 2540 मीटरवर त्यांचं बर्फ मोजायचं मैदान आहे आणि तिथल्या नोंदी 1936 पासून चालू आहेत. हिवाळ्यात बुलेटिन संध्याकाळी 5 ला निघतं आणि सकाळी 8 ला पुन्हा सुधारून येतं. धोक्याच्या पायऱ्या 5. भावाने फोन उघडून आकडा वाचला आणि म्हणाला, "ताई, 2 आहे. उद्या निघायला हरकत नाही."

गाईड म्हणाल्या, "आकडा सगळ्यात शेवटी वाचा. आधी वारा बघा."

रात्रीसाठी वायव्येच्या जोरदार वाऱ्याचा अंदाज होता.

बुधवार

पहाटेपासून खिडकीच्या काचा थडथडत होत्या. डोंगर दिसायचा प्रश्नच नव्हता. सकाळच्या बुलेटिनमध्ये 2 चा 3 झाला. रात्रीत पडलेला नवा बर्फ काही फार नव्हता, पायरी चढली ती वाऱ्यामुळे.

आम्ही झाडीच्या वर गेलोच नाही. झाडांमुळे वारा मंदावतो, म्हणून जंगलातला बर्फ जिथे पडतो तिथेच राहतो. एका मोकळ्या सपाट जागेवर दिवसभर ट्रान्सीव्हरचा सराव केला. 457 किलोहर्ट्झवर संकेत पाठवणारं आणि पकडणारं हे छोटं यंत्र प्रत्येकाच्या अंगावर असतं. कुणी गाडलं गेलं तर बाकीच्यांनी आपली यंत्रं शोधावर टाकायची, पडद्यावरच्या बाणाच्या मागे जायचं, शेवटचे काही मीटर यंत्र बर्फाला टेकवून सरकवायचं, प्रोबने, म्हणजे लांब सळईने, टोचून माणूस शोधायचा आणि मग फावडं. गाईडनी एक पिशवी पुरून ठेवली होती. प्रोब दगडाला लागला तर टणत्कार येतो, जमिनीला लागला तर थड, आणि माणसाला किंवा भरलेल्या पिशवीला लागला तर जरा दबून परत येतो. हा फरक हाताला कळेपर्यंत त्यांनी आम्हाला सोडलं नाही.

त्यांची घाई उगाच नव्हती. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची शक्यता खूप मोठी असते. त्यानंतर ती झपाट्याने घसरते, कारण गुदमरणं सुरू होतं. रेगा या बचावसंस्थेला 1414 वर फोन लावला तरी हेलिकॉप्टर यायला वेळ लागणार. त्या 10 मिनिटांत तिथे असतात ते फक्त सोबतचे. फावडं मारायचं तंत्रही असतं हे मला माहीत नव्हतं: डोक्यावरून खाली खणायचं नाही, उताराच्या खालच्या बाजूने प्रोबच्या दिशेने आत शिरायचं आणि बर्फ उचलून न फेकता मागे सारत राहायचं.

संध्याकाळी त्यांनी वाऱ्याचे आकडे दाखवले. स्विस आल्प्समध्ये शंभराहून जास्त स्वयंचलित केंद्रं आहेत आणि बऱ्याच ठिकाणी ती जोडीने उभी केलेली आहेत. एक धारेवर वारा मोजतं, दुसरं जवळच्या सपाटीवर बर्फाची जाडी मोजतं. धारेवरचा वारा ताशी 50 ते 60 किलोमीटर, दिवसभर. सैल, कोरडा बर्फ ताशी 20 किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यानेही हलायला लागतो. म्हणजे दिवसभर वर जे चाललं होतं ती बर्फाची घाऊक वाहतूक होती.

वायव्येचा वारा म्हणजे वायव्येकडून येणारा. वाताभिमुख, म्हणजे वाऱ्याला सामोऱ्या, उतारावरचा बर्फ तो खरवडतो, धारेवरून पलीकडे नेतो आणि पलीकडच्या उतारावर वेग पडला की तिथे टाकतो. म्हणजे सगळा माल आग्नेयेच्या बाजूला. आकाशातून पडणाऱ्या बर्फाच्या कितीतरी पट वेगाने हा वातविन्मुख, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाचा, उतार भरत जातो. गावात वीतभर बर्फ पडलेला असताना धारेच्या पलीकडे दीड मीटर साचलेला असू शकतो.

गुरुवार

आकाश निळं, ऊन लख्ख. अशा सकाळी सगळेच बाहेर पडतात आणि मला वाटतं, फसगत नेमकी इथेच होते. वादळ गेलं, ऊन पडलं, म्हणजे धोका गेला असं मन म्हणतं. वर पाहिलं तर प्रत्येक धारेवरून पांढरा फरारा आग्नेयेकडे उडत होता. बर्फ पडायचा थांबला होता, वाहायचा थांबला नव्हता.

आज गाईडनी 30 अंशांच्या आतलेच उतार निवडले. लादी, म्हणजे बर्फाचा घट्ट एकसंध थर, सुटून येणारी बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांमधल्या उतारांवर होतात. त्याहून सौम्य उतारावर लादी सहसा सरकत नाही आणि खूप उभ्या उतारावर बर्फ साठण्याआधीच गळून जातो. स्विस नकाशांवर 30 अंशांपुढचे उतार वेगळ्या रंगांत दिसतात. आमची वाट रंगाच्या बाहेरून होती. आणखी एक गोष्ट त्या सतत बघत होत्या: आमच्या डोक्यावर रंगातला उतार कुठे येतो का. आपण सपाटीवर असलो तरी वरचा उतार आपल्यावर येऊ शकतो.

चालता चालता शाळा सुरू झाली. एका सोंडेच्या वायव्य अंगावर बर्फ कडक, खवल्याखवल्यांचा, मध्येच गवत आणि दगड उघडे पडलेले. म्हणजे इथून माल गेला. सोंडेच्या माथ्यावर पलीकडे झुकलेला बर्फाचा छज्जा, त्याला इथे कॉर्निस म्हणतात. छज्जा ज्या बाजूला झुकतो त्या बाजूला माल साचलाय. पलीकडच्या अंगावर पृष्ठभाग इतका गुळगुळीत, मऊ, मलमली की स्की करणाऱ्याचे डोळे तिकडेच जातात. तोच भरलेला उतार. एकही खवला नाही, एकही दगड नाही, गोलसर फुगीर आकार, काठी टेकवली की किंचित पोकळ आवाज.

भाऊ म्हणाला, "हा तर सगळ्यात छान दिसतोय." गाईड म्हणाल्या, "छान दिसतोय ना, म्हणूनच थांबा."

त्यांनी एक छोटा उतार निवडला, जेमतेम आमच्या उंचीचा, खाली सपाट मैदान, सुटला तरी गुडघ्याच्या वर येणार नाही असा. स्की आडवी धरून त्याच्या वरच्या कडेवर त्यांनी जोराने पाय दाबला. त्यांच्या स्कीच्या टोकापासून एक भेग सुरू झाली आणि डोळ्यांदेखत चार-पाच मीटर पुढे धावत गेली. सुरीने कापल्यासारखी सरळ. मग तो सगळा तुकडा, चौकोनी ठोकळ्यांत फुटत, हातभर खाली सरकून थांबला.

आम्ही कडेला बसून भेगेचा छेद पाहिला. वर तळहाताएवढ्या उंचीची पांढरीशुभ्र, घट्ट लादी. बोट घुसवायला जोर लावावा लागत होता. तिच्याखाली बोट अलगद आत गेलं. तो मंगळवारचा बर्फ, वारा नसताना पडलेला, अजून तसाच हलका. भिंग लावून पाहिल्यावर खालच्या थरातल्या पाकळ्यांचे हात अजून शाबूत दिसले. वरच्या लादीत मात्र नुसता चुरा. वारा पाकळ्यांना जमिनीवरून फरफटवत नेतो, आपटतो, त्यांचे हात मोडतो. फांद्यांची मोळी जागा अडवते पण तिचा भुसा केला की पोतं गच्च भरतं, तसा हा चुरा गच्च बसतो, आणि बसला की तासा-दोन तासांत कण एकमेकांना चिकटतात. ताज्या बर्फाचं वजन घनमीटरला साधारण 100 किलो धरलं तर वाऱ्याने ठासलेल्या बर्फाचं दुप्पट-तिप्पट भरतं. जड आणि एकसंध थर वर, हलका आणि सुटा थर खाली. एका जागी खालचा थर खचला की वरची लादी तो धक्का बाजूला पोहोचवते आणि पूर्ण उतार एकदम सुटतो. नुसता सुटा बर्फ असा सुटत नाही, तो एका ठिपक्यापासून खाली पसरत येतो.

दुपारी मी हिशेब केला. 50 मीटर रुंद, 50 मीटर लांब, अर्धा मीटर जाड लादी, घनमीटरला 200 किलो. 250 टन. आणि आल्प्सच्या मानाने हे छोटं हिमस्खलन आहे.

जर्मन भूवैज्ञानिक विल्हेल्म पाउल्के यांनी वाऱ्याला हिमस्खलनांचा बांधकाम करणारा म्हटलं होतं. त्या भेगेसमोर बसल्यावर ते शब्दशः पटलं.

रात्री आकाश निरभ्र, वारा पडलेला, कडाक्याची थंडी. गाईड बाहेर जाऊन रेलिंगवर हात फिरवून आल्या. त्यावर दवाच्या बर्फाची बारीक पिसं उगवत होती. त्या काही बोलल्या नाहीत, वहीत लिहून ठेवलं.

शुक्रवार

आजचा बेत फ्लुएला खोऱ्यातला. फ्लुएला खिंड 2383 मीटरवर आहे आणि हिवाळ्यात तिच्यावरून वाहतूक बंद असते. खिंडीच्या बरंच अलीकडे चुगेन हे ठिकाण लागतं, तिथून सेंटिश हॉर्न या 2827 मीटर उंच शिखराची वाट चढते. उताराची बाजू उत्तरेकडची. भावाचं म्हणणं बरोबर होतं: वायव्येच्या वाऱ्याने आग्नेय बाजू भरली, मग उत्तरेकडचे उतार बरे असायला हवेत. बुधवारपुरतं ते खरंच होतं.

पण पहाटे वारा फिरला होता. दक्षिणेकडून फोएन सुटला होता, आल्प्सच्या मुख्य रांगेवरून उत्तरेच्या खोऱ्यांत उतरणारा उबदार वारा. चुगेनला हवा जवळजवळ शांत, वर मात्र फरारे काल ज्या दिशेला उडत होते त्याच्या वेगळ्याच दिशेला, थेट आमच्याकडे. काल जो बर्फ उत्तर अंगावर सुटा आणि निरुपद्रवी पडून होता तो, आणि दक्षिण अंगावरून खरवडलेला, दोन्ही आज नव्या जागी रचले जात होते. आणि ज्यावर रचले जात होते तो पृष्ठभाग म्हणजे कालच्या रात्री उगवलेली ती पिसं.

गाईडनी हे सगळं वाटेवर सावकाश उलगडून सांगितलं. उघड्या धारेवर वारा ही पिसं आधीच झाडून टाकतो. आडोशाच्या खोलगट जागी ती उभीच राहतात आणि त्यांच्यावर लादी चढते. उभ्या राहिलेल्या पिसांवर टेकलेलं ओझं. लपलेल्या कमकुवत थरांपैकी हा एक अतिशय वाईट प्रकार मानला जातो, कारण वरून त्याचा मागमूस लागत नाही.

खालचा टप्पा सौम्य आहे. अंतर ठेवून, एकामागून एक, गप्प चालत होतो. झाडी संपून बरंच वर आल्यावर एका सपाट पठारावर पोहोचलो. पुढे उतार उभा होत जातो आणि उजवीकडे एक खोलगट घळ वरून खाली येते. पठाराच्या मधोमध गाईडचं पाऊल पडलं आणि पायाखालून आवाज आला. धप्प. मोठा नाही, दबका, पण छातीत जाणवणारा. आजूबाजूचा बर्फ बोटभर खाली बसला. खालचा थर कोसळला आणि मधली हवा बाहेर पडली, तो हा आवाज. सगळे जागच्या जागी थांबलो.

क्षणभराने उजवीकडच्या घळीत, आमच्यापासून किमान दीडशे पावलांवर, आडवी काळी रेघ उमटली. घळीचा वरचा सगळा भाग तुटला, लाद्यांच्या तुकड्यांत विस्कटला आणि खालच्या खोलगट जागेत जाऊन साचला. आम्ही उभे होतो तिथे उतार 15 अंशांचाही नसेल. धक्का पठाराखालून तिथपर्यंत पोहोचला होता.

भावाने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "ताई, आपण तिकडे नव्हतोसुद्धा."

गाईडनी एकच वाक्य म्हटलं, "आता आपल्याला उत्तर मिळालंय." मग एकेक करून, त्याच पावलांवरून, आम्ही मागे फिरलो. शिखर वर स्वच्छ दिसत होतं. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही आणि बोलावंसंही वाटलं नाही.

सुरक्षित जागी आल्यावर त्यांनी बर्फात खड्डा खणून एक्सटेंडेड कॉलम टेस्ट करून दाखवली. 90 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल असा बर्फाचा खांब चारी बाजूंनी मोकळा करायचा, एका टोकावर फावडं ठेवायचं आणि त्यावर हाताने ठोकायचं: 10 ठोके मनगटातून, 10 कोपरातून, 10 खांद्यातून. बघायचं ते इतकंच की भेग एका टोकाला पडून थांबते की पूर्ण खांबातून आरपार जाते. आमच्या खांबात ती कोपरातल्या पहिल्या काही ठोक्यांतच आरपार गेली आणि वरचा तुकडा उचलून बाजूला ठेवावा इतका स्वच्छ सुटला. त्याच्या खालच्या पृष्ठभागावर पिसं आडवी झोपलेली होती, उन्हात चमकत होती. सुंदर दिसत होती, हे मान्य करायलाच हवं.

पण गाईडचा सगळा भर यावर होता की खड्डा म्हणजे एका जागेचं सत्य. दहा मीटरवर वाऱ्याने वेगळी जाडी रचलेली असते. लादी जिथे जाड तिथे माणसाचं वजन खालच्या थरापर्यंत पोहोचत नाही, पाच जण निर्धास्त ओलांडून जातात. कडेला, उंचवट्यावर, खडकाभोवती ती पातळ होते आणि सहावा माणूस नेमका तिथे पाय देतो. म्हणून आधीच्या स्कीच्या खुणा बघून "हे गेले म्हणजे चालतं" असं मानण्यात काही अर्थ नाही. माणसं अडकतात त्या बहुतेक हिमस्खलनांना त्यांनीच किंवा त्यांच्या सोबत्यांनी चालना दिलेली असते.

खाली आल्यावर त्यांनी एसएलएफकडे नोंद पाठवली: खोरं, उंची, दिशा, दुरून सुटलेलं, तुटलेल्या कडेची जाडी सुमारे 40 सेंटिमीटर. सगळ्यांनी अशा नोंदी पाठवायला हव्यात असं मला फार वाटतं. केंद्रं वारा मोजतात, धप्प आवाज ऐकायला माणूसच लागतो.

शनिवार

फोएन ओसरला. धोका 3 वरच. आम्ही पिस्टवर राहिलो आणि दुपारी वाइसफ्लुयोखला फ्युनिक्युलरने वर गेलो. तिथून आजूबाजूचे उतार दुर्बिणीने पाहिले. उत्तर अंगावर ठिकठिकाणी तुटलेल्या कडा दिसत होत्या, जवळजवळ सगळ्या धारेच्या लगेच खाली किंवा घळींमध्ये. घळ ही वेगळीच गोष्ट आहे: वारा उतारावरून आडवा वाहिला तरी घळीच्या एका काठावरचा बर्फ उचलून तो आत टाकतो. त्यामुळे धारेपासून दूर, उताराच्या मध्यावरही धोक्याचे कप्पे तयार होतात.

बुलेटिनच्या पायरीबद्दल इथे एक सांगायला हवं. 3 ही मधली पायरी दिसते म्हणून लोक ती मध्यम समजतात. स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनात जाणाऱ्या माणसांपैकी जवळपास निम्मी याच पायरीच्या दिवशी जातात. 4 आणि 5 ला बहुतेक जण घरी बसतात. 3 ला ऊन असतं, बर्फ ताजा असतो आणि धोका उतारांच्या ठरावीक दिशांना लपलेला असतो.

रविवार

नुसत्या ताज्या वाऱ्याच्या लाद्या सहसा काही दिवसांत खालच्या थराशी जुळून घेतात, हवा उबदार असेल तर लवकर, थंडी कडक असेल तर उशिरा. खाली पिसं गाडली गेली असतील तर हा हिशेब चालत नाही, ती आठवडेही टिकू शकतात. सकाळचं बुलेटिन 2 म्हणालं, पण उत्तरेकडचे सावलीतले उतार आणि धारांलगतच्या जागा त्यात वेगळ्या काढून लिहिल्या होत्या. आता वाचायचा क्रम आमच्या सवयीचा झाला होता. भावाने आधी दिशा वाचल्या, मग उंची, मग वाऱ्याचा इतिहास आणि शेवटी आकडा.

वाट त्यालाच ठरवायला सांगितली. त्याने मॉनस्टाईन गावाच्या वरची एक रुंद सोंड निवडली. बुधवारच्या आणि शुक्रवारच्या, दोन्ही वाऱ्यांनी झाडून काढलेली, नकाशावर कुठेही रंगात न जाणारी, डोक्यावर मोठा उतार नसलेली. चढताना बर्फ कडक लागला, स्किन्स घसरत होत्या, हार्शआयझेन म्हणजे स्कीला लावायचे दातेरी पंजे चढवावे लागले. वर एका जागी सोंडेच्या ईशान्येला मलमली, न विस्कटलेला उतार उघडला. त्याच्या कडेपासून आम्ही चांगलं अंतर ठेवलं, कारण छज्जा तुटतो तो आपल्या अंदाजापेक्षा बराच मागून तुटतो.

उतरताना बर्फ ओबडधोबड होता, स्की खडखडत होत्या, मांड्या भरून आल्या. मित्रांपैकी एकाने मध्येच थांबून त्या मलमली उताराकडे बोट केलं आणि विचारलं, "तो कधी करता येईल?"

गाईड म्हणाल्या की पुढचे काही दिवस निवांत हवा राहिली, नवा वारा सुटला नाही आणि तिथल्या खड्ड्यात भेग आरपार गेली नाही, तर बघता येईल. संध्याकाळी 5 चं बुलेटिन आलं तेव्हा त्यात सोमवार रात्रीसाठी पश्चिमेचा वारा लिहिलेला होता. भावाने नकाशा पसरला आणि पूर्वेकडचे उतार एकेक करून खोडायला घेतले.